मेंढरांमागे चालणारा

प्रिय दैवशाला,

विलायतेसाठीचा इंग्रजीचा पेपर देऊन तू बाहेर आलीस की मुंजाजीमामा तुझ्या हातात हे पत्र देतील. आधी कुठेतरी सावलीत बस, पाणी पी. बोरीहून मामा पुण्याला का आले, हे त्यांना विचारू नकोस. त्यांना सांगता येणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

इकडे थंडी पडली आहे. या दिवसांत तुमच्या मेंढ्या खतासाठी आमच्या रानात बसायच्या आणि तू पाटी घेऊन माझ्या ओट्यावर. तुझं पहिलं इंग्रजी वाक्य आठवतं? 'बिकॉज द डॉग केम.' कुत्रा आला म्हणून, आणि लगेच पूर्णविराम. सिकंदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस अशा वेळी तळहात पुढे करून उभ्या राहायच्या, उरलेलं वाक्य मिळेपर्यंत. मीही तुझ्यासमोर तसाच हात धरायचे. कुत्रा आला म्हणून काय झालं? मेंढ्या पळाल्या, की तू रडलीस? तुझे आबा खांद्यावरची घोंगडी सावरत बघायचे. "बाई, हात दुखंल की तुमचा. पोरगी माझ्यावर गेली. मेंढराला आर्धंच बोलावं, बाकीचं त्याला कळतंय." मी म्हणायचे, बिरूभाऊ, पेपर तपासणारी मेंढरं नसतात. "ते काय सांगता येत न्हाई," म्हणून ते लय हसायचे. मुलगी नर्स होऊन विलायतेला जाणार, हे येलदरीपर्यंतच्या प्रत्येक वाडीत त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मंगळवारी तू फोन केलास तेव्हा मी तुझ्या आईजवळच बसले होते. आबा कुठे आहेत, तू विचारलंस. नर्मदाबाई म्हणाल्या, मेंढरं घेऊन लांब गेलेत, तिकडं रेंज न्हाई. तुला ते खरं वाटलं, कारण वर्षातले आठ महिने ते खरंच असतं. पण मागून मेंढ्या ओरडल्या. तू म्हणालीस, "मग ही कोणाची गं?" त्या म्हणाल्या, "आजारी हायत, मागं ठेवलीत." फोन ठेवल्यावर त्यांनी पदर तोंडात धरला.

त्याच संध्याकाळी तू सरावाचा परिच्छेद पाठवलास, 'माझे वडील' या विषयावर. सगळं स्वच्छ होतं, फक्त पहिलं वाक्य अपुरं होतं. 'माय फादर, हू वॉक्स बिहाइंड द शीप.' माझे वडील, जे मेंढरांमागे चालतात. बास. मी त्या 'वॉक्स'कडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग सवयीने लिहिलं, पुढे काय? तुझं उत्तर लगेच आलं, 'नोज ईच वन बाय इट्स फेस.' प्रत्येकीला चेहऱ्यानं ओळखतात. खाली लिहिलं होतंस, काकू, आता बरोबर ना? मी बरोबरची खूण पाठवली.

दैवशाला, तुझे आबा सोमवारी पहाटे गेले. धुक्यात जिंतूर रस्त्यावर ट्रक कळपात शिरला, ते कोकरू ओढायला वाकले होते. माती त्याच दिवशी झाली. पोरीचा पेपर झाल्याशिवाय तिला कळवायचं नाही, असं तुझ्या आईनं सगळ्यांकडून वदवून घेतलं. "त्यांनी पेपरसाठीच जीव टाकला होता," एवढंच त्या म्हणत होत्या. बापाचं तोंड बघू दिलं नाही म्हणून तू रागावशील. खुशाल रागव, पण तो राग आईवर काढू नकोस. फोनवर खोटं बोलून त्या जेवल्या नाहीत. मी तर ती बरोबरची खूण पाठवून चहा प्यायले. दहावा बुधवारी आहे. मेंढ्या आता आमच्या गोठ्यात आहेत, तुझ्या काकांनी हाक मारली तरी चरायला बाहेर निघत नाहीत. ते 'वॉक्स'चं वाक्य पुन्हा लिहावं लागेल, आपण दोघी बसून लिहू. आज नको. आज मामांबरोबर घरी ये.

वाट पाहणारी, तुझीच,
काकू