माझ्यासाठी आणलेले शब्द

बाबा, काल तुमच्या नातीच्या शाळेत गेले होते. तिच्या मॅडम हसत म्हणाल्या, "शी इज अ बंडल ऑफ एनर्जी." मला आधी तुम्हीच आठवलात. हा शब्द तुमच्याकडे नव्हता, नाहीतर जेवताना नक्की ऐकवला असता. पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं. "बस, अब बड़ी हो रही है, थोड़ा घर पे समझाइए." मी मान डोलावली. येत्या संक्रांतीला तिला बारावं लागेल.

तुम्ही फॅक्टरीतून यायचात तेव्हा रिकाम्या डब्याबरोबर एखादा इंग्रजी शब्द घेऊन यायचात. साहेब बोलता बोलता काही म्हणायचे, तुम्ही त्याचा अर्थ विचारून, रस्ताभर घोकून तो घरी आणायचात. आणि तो वापरायला घरात मी होतेच. पलंगावरून उड्या मारल्या की 'फुल ऑफ बीन्स'. दाराआड लपून आईला दचकवलं की 'अप टु मिस्चिफ'. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "पोरीले शेंगा काहून म्हणून राहिले?" तुम्ही हसता, मी हसते, कणकेचा गोळा पळवते, की तुम्ही पुढचा शब्द काढता. सगळ्यात लाडका 'लाइव्ह वायर'. तुम्ही विजेच्या सेक्शनला, त्यामुळे तो साहेबांपेक्षाही ऐटीत म्हणायचात. "हात नका लावू, लाइव्ह वायर आहे आमची!" शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगायचात. नवा फ्रॉक घालून मिरवावं तशी मी ते शब्द मिरवायचे.

मग मला बारावं लागलं त्या वर्षीची, नदीवरची तिलवाऱ्याची ती संक्रांत. तुमच्या सेक्शनची सगळी कुटुंबं घाटावर जमली होती. मी धाकट्या भावाला पाण्यात ओढलं, दोघंही चिंब, हसून हसून पोट दुखायला लागलेलं. एक काकू म्हणाल्या, "भैया, बिटिया तो बड़ी चंचल है." आदल्या वर्षी याच बोलण्यावर तुम्ही छाती फुगवून शब्द सांगितला होता. या वेळी माझ्या अंगावर टॉवेल टाकलात आणि हळू आवाजात म्हणालात, "बस झालं आता. नीट बस." धाकटा अजून पाण्यातच होता. त्याच्याकडे बघून तुम्ही हसलात. म्हणालात, "लाइव्ह वायर!"

त्यानंतर माझ्यासाठी तुम्ही एकही शब्द आणला नाहीत. मारलं नाहीत, ओरडला नाहीत, मग तक्रार तरी कशाची करायची? पण मला राग येतो, बाबा, अजून येतो. धाकट्याला टक्कल पडलंय, तरी लग्नाकार्यात तो नाचला की सगळे तुमचाच शब्द काढतात. माझ्याबद्दल म्हणतात, "दीदी बहुत शांत हैं." मी शांत नव्हते. तुम्हाला तर ते माहीत होतं.

काल शाळेतून ऑटोनं अधारतालला घरी परत येताना लेकीनं विचारलं, "आई, मॅडमने जो बोला ना, बंडल ऑफ एनर्जी, वो अच्छा होता है ना?" विचारताना पाय हलवत होती, गुडघा सारखा वरखाली. "खूप चांगलं असतं," मी म्हणाले.

तुमच्यावर रागावून लिहायला बसले होते. तुम्ही गेलात, हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाहीये, म्हणून सांगते. "खूप चांगलं असतं" म्हणताना माझा हात तिच्या गुडघ्यावर होता. तिचा पाय हलायचा थांबेपर्यंत मी तो उचलला नाही.