हँडल बॅकेलाइटचंच हवं

अल नहदा, शारजा
गुरुवार

प्रिय अहो,

शाळेत सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी चांगली बातमी लिहावी. तर माझा गुडघा बरा आहे, आणि अंकुरच्या फॅक्टरीला तव्याच्या हँडलांचं मोठं काम मिळालं आहे.

तो हँडल नायलॉनचं करणार होता. झटपट निघतं, उरलेला माल वितळवून पुन्हा वापरता येतो. परवा नमुना घरी आणला. तो आणि सूनबाई दोघं सातलाच कामावर जातात, मग दिवसभर मी आणि चौदाव्या मजल्याची खिडकी. म्हणून उगाचच चार माणसांच्या पोळ्या करत बसले. दहाव्या पोळीला हँडल मऊ पडून वाकलं. हात भाजला नाही, काळजी नको.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "बाबांनी तीस वर्षं बॅकेलाइटची हँडलं काढली. त्यांना विचार."

"नको गं आई. त्यांच्या कारखान्यात आलो नाही म्हणून दोन वर्षं बोलत नाहीत. आता म्हणतील, अडलं ना शेवटी!"

तुम्ही तसंच म्हणाल, हे मलाही ठाऊक आहे.

बॅकेलाइट एकदा घट्ट झालं की आचेला वितळत नाही, एवढंच मी सांगू शकले. साचा किती तापवायचा, माल आत किती वेळ ठेवायचा, ते तुम्हालाच माहीत. सोमवारी त्याला साहेबांना उत्तर द्यायचं आहे.

फोन लावायचा तर अंकुरच्याच मोबाइलवरून, आणि त्याच्यासमोर हे बोलता येत नाही. शेजारच्या मनालीताई उद्या पुण्याला निघताहेत, त्यांच्या हाती पत्र देते. जेवता ना वेळेवर?

रविवारी तुम्हीच त्याला फोन करा. फक्त साच्याचं सांगा. बाकी जे काही तोंडावर येईल, ते मला पत्रात लिहा.

तुमचीच,
कुमुद