पालुपद सोडवत नाही

गुरु., २१ नोव्हें.
भजन आज आमच्या क्वार्टरवर. सोफा, खुर्च्या, सगळं मागच्या अंगणात काढलं. वसुधा गायली, मी तबल्यावर. लग्न झाल्यापासूनची ही वाटणी. बाकी संसारात ठेका तीच धरते.

शेवटी तिच्या आईचं भजन घेतलं. ‘उंबऱ्याशी ठेविला दिवा, आता तरी येई देवा.’ पालुपद आज केवढं लांबलं! वसुधा फिरून फिरून तिथेच. लोक आधी मागून म्हणत होते, मग बरोबर म्हणायला लागले, मग कोण गातंय तेच कळेना. मंडळाच्या सेक्रेटरी देशकरबाई तर डोळे मिटून डोलत होत्या. जाताना म्हणाल्या, “आज वहिनींची समाधीच लागली हो!”

आमच्या मंडळाची रीत : गाणाऱ्याने तबलजीकडे बघून मान हलवली की पालुपद सोडायचं, तोवर ठेका चालू. आज तिनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली नाही. बघतच राहिली. मग एकदम शेवटच्या कडव्यावर गेली. मधली दोन गाळली. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

शुक्र., २२
कारखान्यात, आमच्या शॉपमध्ये दिवसभर कॉइल गुंडाळणं. तांब्याची तार फिरते, फिरते, बघणाऱ्याला गुंगी येते. डोक्यात दिवा आणि उंबरा. तारेबरोबर तेही फिरतंय.

सकाळी शेजारचे शर्माजी गुलाबांना पाणी घालताना तेच गुणगुणत होते. मराठीशी माणसाचा काही संबंध नाही. म्हटलं, “एक ही लाइन थी, बोर नहीं हुए?” तर म्हणाले, “अरे भाईसाब, जब मालूम हो कि आगे क्या आने वाला है, तो मन पैर फैलाकर बैठ जाता है.”

पटलं. पहिल्यांदा ओळ पाहुण्यासारखी येते, खुर्चीच्या कडेवर बसते. चारदा आली की स्वैपाकघरात जाऊन स्वतःचा चहा करून घेते. मग तिचं काही करावं लागत नाही. नुसतं असायचं. शॉपमध्ये ट्रॉलीचा धक्का लागेपर्यंत मी असाच उभा होतो.

रवि., २४
करोंदच्या मंडीतून मटार आणला, फारच आणला. अंगणात उन्हात सोलत बसलो दोघं. सालांचा वास, पाठीवर ऊन. मधेच वसुधा म्हणाली, “अहो, त्या दिवशी मला पुढचं आठवलंच नाही.”
“काय?”
“कडवं. म्हणून होतं तेच म्हणत राहिले. आणि लोक खूश!”
हसली. मीही हसलो. मग ती नाही हसली. “दुसरं कुठलं विसरले असते तर चाललं असतं. आईचं भजन हो ते.”

दिवाळीत दुधाखालचा गॅस बंद करायला विसरली, गेल्या आठवड्यात शर्माजींच्या सुनेचं नाव. हे ती नाही बोलली, मीच मनात जुळवलं. डॉक्टरांचं काढलं, तर : “आधी तुलसी नगरचं भजन होऊ द्या. दत्तजयंतीला मी गाणार. मग न्याल तिथे येते.”

म्हणजे सगळ्यांची मनं पाय पसरून बसली होती, पुढचं माहीत होतं म्हणून. आणि जिच्या जिवावर बसली होती तिला पुढचं काहीच दिसत नव्हतं. फार भीती वाटली. मटार सोलत राहिलो.

बुध., ४ डिसें.
“वही ठेव समोर” म्हटलं. “सगळ्यांसमोर वही? त्यापेक्षा घरी बसते.” आमच्या मंडळात वही नवशिक्यांची.

मग मी सुचवलं, अडकलीस तर मी तिहाई वाजवतो. एकच तुकडा तीनदा, धाडकन समेवर, की भजन संपलं. कुणाला शंका नाही.
“आणि मला आठवत आलं असेल तर? माझ्याच गाण्यात माझा गळा दाबाल.”
“बरं, मग मी कडवी पाठ करतो. अडलीस की माझ्याकडे बघ, पहिला शब्द सांगतो.”
“तुम्ही? तोंडानं? देव आलेला परत जाईल!”
पण चेहरा उजळला तिचा.

मंगळ., १०
स्कूटरवर कडवी. शॉपमध्ये कडवी. कॅन्टीनच्या रांगेत ओठ हलत होते, पोरं म्हणाली, साहेब रिटायरमेंटचा जप करताहेत. पाठ झाली. पक्की. झोपेतून उठवून विचारा.

शनि., १४. दत्तजयंती
तुलसी नगर. मांडव भरलेला, थंडी, धुपाचा धूर. वसुधानं मोरपंखी शालू नेसला होता. पहिली भजनं छान झाली. मग आईचं घेतलं.

पहिलं कडवं नीट. पालुपद. परत पालुपद. मी बघत होतो, ती डोळे मिटून. लोक मिसळले तिच्यात. पुढच्या बायका डोलायला लागल्या, मागे कुणीतरी टाळ धरला. पालुपद येतंय, जातंय, परत येतंय. दर वेळी तेच आणि दर वेळी जरा जास्त आपलं. माझे हात माझे राहिले नव्हते.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ठरल्याप्रमाणे.

आणि मला एक शब्द आठवेना. कोरा. दिवा, उंबरा, बस. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. आधी भुवया वर गेल्या, मग हसूच फुटलं तिला, गातागाता. मलाही. तिहाई सुचलीच नाही. किती वेळ चाललो कुणास ठाऊक. इतका सुखी मी कधी होतो, आठवत नाही. संपवलं लोकांनीच, टाळ्यांनी.

परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, “तुम्हीपण विसरलात.”
“हो.”
“बरं वाटलं हो मला. एकटीच नव्हते.” मग घराच्या वळणावर, “सोमवारी जाऊ डॉक्टरांकडे.”

रवि., १५
उशिरा उठलो. धुकं. देशकरबाईंचा फोन, काल काय रंग भरला वगैरे.

चहा घेताना वसुधा म्हणाली, “उद्या कुठे जायचंय आपल्याला?”
“डॉक्टरांकडे.”
“हं.”

कपबशा विसळून आली, पदराला हात पुसत. “अहो, उद्या कुठेतरी जायचंय ना?”
“डॉक्टरांकडे,” म्हटलं. मघाच्याच आवाजात, पहिल्यांदाच सांगतोय असं.
“हं.” तेही मघासारखंच.

काल मी विसरलो तो विसर उतरला. कडवी सकाळी आपोआप परत आली, सगळी, ओळीनं. तिला नाही सांगितलं.

ती आत पोळ्या लाटतेय. तिनं परत विचारू नये असं वाटतंय, आणि कान तिकडेच लागलेत.