तांबडा चंद्र

चांदूर रेल्वे,
१८ मार्च २०२५

ती. गजेंद्रदादास,
साधनाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललेलं आई ऐकते, म्हणून लिहिते. बाबांना जाऊन महिना झाला, तरी माझं मन कशात लागत नाही. झोपलेल्या आईचा श्वास तपासत बसते.

काल संकष्टी होती. चंद्र चांगला वर आला तरी तांबडाच. आई म्हणाली, तुह्या बापाची आग अजून इझली नाही, अशा चंद्राले पाहून मी कशी जेवू? पांढरा होईल म्हणून बसून राहिली आणि उपाशीच झोपली. आज साखर उतरून मोरीत पडली. लागलं नाही, पण पुढच्या चतुर्थीलाही हेच झालं तर? तू विज्ञान शिकवतोस, तिला पटेल असं लिही. माझं ऐकत नाही. म्हणते, तुले तर पोळीही जाळल्याशिवाय येत नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी साधना

अकोला,
२४ मार्च २०२५

चि. साधनास अनेक आशीर्वाद.

हे आईला वाचून दाखव. सध्या गावोगावी कापूस वेचून उरलेल्या वाळक्या पऱ्हाट्या जाळतात. त्या धुरातली काजळी डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असते. निळा प्रकाश ती जास्त गिळते, इकडेतिकडे उधळते. तांबडा त्यामानाने सरळ आपल्यापर्यंत येतो. म्हणून चंद्र तसा दिसतो. इथे सूर्यही रोज तसाच बुडतो. यात अशुभ काही नाही. तिला म्हणावं, जेव.

आपलं शेत बघणाऱ्या शुभमला वावर लवकर रिकामं करायला सांगितलं होतं. झालं का?

जपून राहा.
तुझा दादा

चांदूर रेल्वे,
१७ एप्रिल २०२५

ती. दादास सा. न.

पत्र वाचून दाखवलं. आई म्हणाली, धूर हाये हे मले मालूम हाये. कोणाच्या वावरातला, ते इचार त्याले.

शुभमनं तुझा निरोप मिळताच वरच्या वावरातली पऱ्हाटी जागेवरच पेटवली, नेमकी मागच्या संकष्टीला. बाबा कधी जाळत नसत. उपटून बांधावर रचायचे, वर्षभर चूल त्यावर चालायची. आई म्हणते, बापाले आग देली ते रीत होती. वावराले काहून देली?

खालचं वावर तिनं जाळू दिलं नाही. आम्ही दोघी पऱ्हाटी उपटतो आहोत. हाताला फोड आलेत.

काल चंद्र तांबडाच होता, बाकीचे जाळतातच. आईनं हात जोडले, म्हणाली, हा धूर आपला नाही, आणि पोटभर जेवली.

अर्धं वावर बाकी आहे. रविवारी ये. रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझी साधना