सहा अक्षरांची जागा

४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तो हातात धरायचा विटांचा गेम माझ्या हातातून सुटत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून छताकडे बघून जीव कंटाळला होता. आता वरून विटा पडतात आणि मी त्या फट न ठेवता बसवत जाते. ओळ भरली की नाहीशी होते. दुकानामागच्या याच खोलीत आयुष्यभर कापड बेतलं, बाही उलटी ठेवून त्यातून खिसा काढला. तेच काम आहे गं, फक्त पाठ दुखत नाही.

आता रागाची गोष्ट. डाव संपल्यावर गुण चांगले असले तर गेम नाव विचारतो आणि पहिल्या नंबरांच्या यादीत लावतो. तेवढ्यात हे येतात, बघू म्हणून ओढून घेतात आणि स्वतःचं नाव घालतात. आधी मी हसले. काल मात्र दुकानात ती यादी शेजारच्या न्हाव्याला दाखवत होते, ते पडद्याआडून ऐकलं. यादीतली सगळी नावं यांचीच. हॉटेलचा मॅनेजरही तिथे होता. त्याला म्हणाले, कापडही मी असंच बेततो, चिंधी उरत नाही. त्याने खूश होऊन वेटरांच्या कोटांचं काम दिलं आणि कापडही अगदी बेतास बात दिलं. आता मला म्हणतात, स्टुलावर बसून तेवढं कापून दे.

पाटीवर यांचं नाव, गिऱ्हाइकांच्या तोंडी यांचं नाव, कात्री मात्र माझी. आजवर बोलले नाही. पण हा गेम तरी माझा होता.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळचा कोट भावोजींनी स्वतः शिवला म्हणून मिरवला होता आणि सुयांनी टोचलेली बोटं तुझी होती. मी तेव्हाही ओळखलं होतं, तूच डोळ्यांनी गप्प केलंस.

या वेळी कात्रीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. गुडघा दुखतो म्हण, लोळत पड आणि विटा रच. हॉटेलवाला बोंबलत आला की चार लोकांसमोर भावोजींच्या हातात गेम दे. तुला नेमकी नको तेव्हा दया येते, म्हणून आधीच बजावते.

माया आहेच, या खेपेला थोडा राग कर.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सूड उगवला आणि पोटभर जेवले. यांनी विनवण्या केल्या, मग आदळआपट केली. मी एवढंच म्हणाले, "यादीत पहिलं नाव तुमचं आहे, तुम्हीच कापा."

यांनी कापलं. चार कोट बाकी राहिले आणि तागा संपला. मॅनेजर आला तेव्हा हे त्याच्यावरच उलटले, कापडच कमी दिलं म्हणून. मी पलंगावरून हाक मारून सगळ्यांना आत बोलावलं. न्हावीही हातातला वस्तरा घेऊन मागोमाग आला. मी यांच्या हातात गेम दिला आणि म्हटलं, कसं बेतता ते दाखवा तरी. विटा वेड्यावाकड्या चढल्या आणि बघता बघता वर टेकल्या. न्हावी खाली बघून हसला. मला दया आली नाही. खरं सांगते, गोड वाटलं.

मग मी खेळायला घेतलं. मध्येच मॅनेजरने विचारलं, उरलेल्या तुकड्यांतून ते चार कोट निघतील का. मी मान वर न करता म्हटलं, तुकडे इथे आणून टाका, जोड दिसणार नाही असे काढते, पण पावती माझ्या नावाने करा. तो बरं म्हणाला. यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

डाव संपला, गेमने नाव विचारलं आणि सवयीने यांचा हात पुढे आला. मी गेम त्या हातात ठेवला. घाला, म्हटलं, पण माझं घाला. सगळ्यांसमोर यांनी एकेक इंग्रजी अक्षर शोधलं. मी घाई केली नाही.

नावाला सहाच अक्षरांची जागा असते. माझं नाव त्यात अगदी बरोबर बसतं, कुठे फट राहत नाही.

लोभ ठेव, आणि पाटी रंगवणारा कोणी ओळखीचा असेल तर कळव.

तुझी,
ताई