तीन पोती सिमेंट

सवाई बेट,
रविवार, दुपार

प्रिय तेलेसिया,

पार्सल पोचलं. मासळीचे डबे, दुधाची पावडर, बाबांचा मऊ टॉवेल, सगळं नीट आलं. सुतकाचं काळं कापडही आलं. सगळ्या गणगोताचे झगे होतील एवढं आहे. ते मी पेटीच्या तळाशी टाकलंय, डांबरगोळीसुद्धा ठेवली नाही. उसवलेला दोराही गुंडाळून ठेवणारी तुझी आई. पण त्या कापडाला कसर लागली तर मी देवाचे आभार मानीन.

इथे दुखणं तुझे बाबा सोसताहेत आणि सुतक बाकीचे पाळताहेत. लोसा नर्स दर आठवड्याला येते. दुखणं वाढलं की जिभेखाली औषध कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, ते तिनं मला शिकवलं. आजार बरा होणार नाही हे तिनं स्पष्ट सांगितलं. पण ते अजून ऐकतात, हसतात, त्यांच्याशी बोलत जा, हेही सांगितलं. हे दुसरं मात्र कुणाच्या कानात शिरत नाही. ओट्यावर बायका बसतात आणि "काय गोड गायचे हो!" म्हणून डोळे पुसतात. परवा बाबा आतून ओरडले, "अगं, अजून गातो! आत या, फुकट ऐकवतो!"

तविताकाकांनी तर कडीच केली. कबरीसाठी तीन पोती सिमेंट आणून ओट्याखाली रचलं आणि अंगणात आजोबांच्या कबरीशेजारी खुंट्या ठोकून दोरी बांधली. बाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "अरे तविता, माप घ्यायला मला नाही का बोलवायचं?" काका तिथेच खाली बसून रडायला लागले. मग बाबांनीच त्यांची समजूत घातली.

आता समुद्राच्या दमट हवेत सिमेंट किती टिकणार? पोत्यातच त्याचा दगड होतो. देवाचं बोलावणं देवाच्या वेळेला येईल, आपण आधीच सामान बांधून दारात का बसायचं? लोसानं आणलेली चाकांची खुर्चीही पायऱ्यांमुळे पडून होती. बाबांना कुणी उचललेलं खपत नाही. "खांद्यावर घ्याल तेव्हा घ्या, तेव्हा मी काही बोलणार नाही," म्हणतात. मी दोन गवंडी बोलावले आणि त्याच सिमेंटचा ओट्यापासून अंगणापर्यंत उतार बांधून घेतला. काका धावत आले. "वहिनी, दादाच्या कबरीचं सिमेंट ते!" मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या दादांना घाई नाही. तुम्हाला असेल तर दुसरं आणा." हिशेबाच्या वहीत 'दफन' खोडून 'घरदुरुस्ती' लिहिलं.

आज बाबा खुर्चीत बसून त्या उतारावरून चर्चमध्ये गेले. खुंट्यांपाशी थांबायला लावलं आणि काकांना म्हणाले, "दोरी काढ रे, कुणीतरी अडखळून पडेल." काकांनी खुंट्या उपटल्या. प्रार्थनेत बाबा दोन ओळी गायले. तिसरीला धाप लागली, तेव्हा हातानं ताल धरला.

तू म्हणतेस, कारखान्यातून रजा एकदाच मिळेल, ती 'त्या वेळेसाठी' राखून ठेवलीय. फोन त्यांच्या कानाला लावू नको म्हणतेस, रडू येतं म्हणून. येऊ दे की! त्यांनी काय तुझं रडणं कधी ऐकलं नाही? पोरी, त्या वेळी इथे अख्खा गाव असेल, तेव्हा तुझ्यावाचून माझं अडणार नाही. आत्ता अडलंय. रजा आत्ता घे. दफनाच्या जेवणासाठी राखलेलं डुक्कर तू येशील त्या रविवारी मी तापल्या दगडांच्या भट्टीत घालीन. बाबांना घासभर जाईल, नाहीतर वास तरी घेतील. दुसऱ्यांदा येता आलं नाही तर गावाला काय सांगायचं ते मी बघून घेईन. उतार जरा जास्तच तीव्र झालाय, खुर्ची मागून घट्ट धरायला माणूस लागतं. काकांचे पाय घसरतात. बाबांनी तुझं नाव सांगितलंय.

डोळे पुसून भट्टीचे दगड निवडायला लागलेली,
तुझीच
आई