व्याह्यांची जीभ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकून). गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना? घेत नसशील तर आधी पाणी तापत ठेव आणि मग पुढे वाच, कारण पत्र लांबणार आहे.

पोरीचे होणारे सासरे वाइन करतात, हे तुला ठाऊक आहेच. त्यांनी मागे आपल्या घरची लाल वाइनची बाटली पाठवली होती. काळपट, जाड अंगाची. सोबत निरोप होता की जेवणाआधी बाटली उघडून ठेवा, वाइनला जरा श्वास घेऊ द्या. मी पडलो दातांचा डॉक्टर. लोकांच्या श्वासाशी माझा रोजचा संबंध. म्हटलं, श्वास जितका घेईल तितका चांगला. बाटली आठवडाभर आधीच उघडली आणि शेगडीशेजारच्या फळीवर ठेवून दिली. (पोरगी घरात असती तर ओरडली असती, पण ती लग्नाच्या खरेदीत गुंतलेली.)

रविवारी दुपारी व्याही आणि विहीणबाई जेवायला आले. जावई बोटीवर नोकरीला, त्यामुळे तो नव्हता. मी मटणाची अख्खी तंगडी भाजली होती, कारण व्याह्यांनी फोनवर बजावलं होतं की ही वाइन लेचीपेची नाही, माशाबरोबर दिलीत तर तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखं लागेल. तिला चरबीचं मांस द्या, मुरलेलं चीज द्या, जोडीला कोणीतरी तोलामोलाचं हवं. मी पेले भरले. पहिल्या घोटाला पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाईंनी पेला खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. ताई, वाइन कसली, निव्वळ आंबट शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला होता! आणि व्याही? त्यांनी डोळे मिटले, घोट तोंडात घोळवला आणि गंभीरपणे म्हणाले, "आलुबुखार. काळी मिरी. मागून जुनं लाकूड. छान उतरलीय."

"हो, लाकूड आहेच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जेवणानंतर ताटं उचलायच्या निमित्तानं ते माझ्यामागून स्वयंपाकघरात आले. "डॉक्टर, माझं काही चुकलं का?" त्यांनी हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, हिवाळ्यात ताप आला, तेव्हापासून वास नाही की चव नाही. तोंडात ओलं काहीतरी आहे, एवढंच कळतं. बायकोला सांगावं तर ती मुलाला कळवणार, आणि मुलगा आवडती नोकरी सोडून नावडत्या द्राक्षमळ्यात येऊन बसणार. इकडे पिंपं भरून तयार, कुठलं कधी बाटलीत भरायचं ते ठरवायचंय. "तुमची जीभ उसनी द्याल?"

आजवर मी हजारो जिभा आरशानं बाजूला सारल्या, पण माझी कोणी मागितली नव्हती. गेलो.

त्यांचं तळघर म्हणजे लांबलचक गार खोली, ओली फरशी, जांभळ्या डागांच्या बादल्या. ते काचेच्या नळीनं पिंपातून वाइन काढायचे, मी चाखायची. मला शब्द येतात ते माझ्या धंद्यातले. म्हटलं, हिरड्या आवळतात आणि दाढांवर कातडं चढल्यासारखं वाटतं. ते खूश! म्हणाले, हा तर तिचा तुरटपणा, अजून पोरवयात आहे. मग मुरलेल्या चीजचा तुकडा खायला घालून पुन्हा घोट दिला, तर तीच वाइन शहाण्या मुलीसारखी वागायला लागली. आणि प्रत्येक घोटानंतर, "थुंका." जन्मभर हा शब्द मी दुसऱ्यांना म्हणत आलो, ताई.

कोपऱ्यातल्या पिंपाशी मात्र मी पेला दोनदा हुंगला. माझ्या शेगडीजवळच्या बाटलीचाच वास. "सांगा, डॉक्टर." सांगितलं. ते पिंप त्यांनी मुलाच्या लग्नासाठी राखून ठेवलं होतं. त्यांनी त्यावर तळवा टेकला आणि उभ्या उभ्या रडायला लागले. मी पेला हातात धरून उभा. तो कुठे ठेवावा तेही सुचेना.

तेवढ्यात विहीणबाई पाव घेऊन खाली आल्या. मग व्याह्यांनी सगळंच सांगून टाकलं. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, मला केव्हाच कळलंय. करपलेलं कालवण वा वा म्हणत खाल्लंत, तेव्हाच. इतक्या वर्षांत कधी वा म्हणाला नव्हतात."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकायला बरं वाटत होतं."

ते पिंप शिरक्याला गेलं. मुलाला दोघांनी मिळून कळवलं. तू नोकरी सोडायची नाहीस, असंही त्याला बजावलं. बाकीची पिंपं ठणठणीत आहेत. सध्या इतकंच.

तुझा,
धाकटा

ता.क. इतकंच नाही. माझ्या जिभेचा भरवसा नाही. तिसऱ्या घोटानंतर मला सगळ्याला लवंगेच्या तेलाचा वास येतो. तिथे खरं नाक हवं. जिन्यातूनच दूध लागल्याचं ओळखणारं नाक आपल्या घरात एकच आहे, असं मी त्यांना सांगून बसलोय. भाऊजी गेल्यापासून तुला अन्न गोड लागत नाही, ठाऊक आहे मला. तिथेही एकाला लागत नाही. दोघं एका टेबलाशी बसा, एवढंच म्हणणं आहे. विहीणबाईंनी मळ्याकडची खोली झाडून ठेवली आहे.

पुन्हा ता.क. तू असल्या गोष्टींना शिवतही नाहीस, असं मी त्यांना सांगितलंय. माझ्या लग्नात काय झालं त्याबद्दल मी बोललो नाही, तूही बोलू नकोस. शनिवारी सकाळी गाडी दारात येईल. नाही म्हणायचं असेल तर गाडीवाल्यालाच सांग. त्याला ऐकू कमी येतं.